टिपीचा लाल दोरा

एक होती शिंपीण. नाव तिचं टिपी. पक्षी एवढासा, अंगठ्याएवढा. चोच सुईसारखी. पानाला भोकं पाडायची, दोरा ओवायची आणि पानाचं घर शिवायची.

मुक्ताच्या गॅलरीत जास्वंदीची कुंडी होती. टिपीनं तिथलं एक मोठं पान निवडलं. अर्धं शिवून झालं. उद्या अंडं घालायचं होतं. उरलेल्या टाक्यांसाठी तिनं लाल लोकरीचा दोरा आणला आणि कठड्यावर ठेवला.

घरात सुट्टीची गडबड चालली होती. दुपारी विमानानं थंडीच्या गावाला जायचं होतं. आईला दोरा दिसला. विमानतळावर सगळ्यांच्या बॅगा काळ्या, आपली ओळखायची कशी, असं म्हणत तिनं तो बॅगेला बांधून टाकला.

टिपी घरात आली. फुर्र फुर्र टुप.

"बॅग, बॅग, दोरा सोड."

"मग मला ओळखणार कोण? नावाची चिठ्ठी बसली, तर सोडीन."

चिठ्ठी टेबलावर होती. कोरी. फुर्र फुर्र टुप.

"चिठ्ठी, चिठ्ठी, बॅगेवर बस. बॅग दोरा सोडेना."

"माझ्यावर नाव कुठंय? पेननं लिहिलं, तर बसेन."

पेन डब्यात होतं. फुर्र फुर्र टुप.

"पेन, पेन, नाव लिही. चिठ्ठी बसेना, बॅग दोरा सोडेना."

"आजोबांनी धरलं, तर लिहीन."

आजोबा खुर्चीत होते. मफलर गुंडाळून तयार. फुर्र फुर्र टुप.

"आजोबा, आजोबा, पेन धरा. पेन लिहीना, चिठ्ठी बसेना, बॅग दोरा सोडेना."

"दिसायला तर हवं, बाळा. चष्मा आला, तर धरीन."

चष्मा पलंगावर होता. स्वेटरखाली. एक काडी तेवढी बाहेर. फुर्र फुर्र टुप.

"चष्म्या, चष्म्या, बाहेर ये. आजोबा धरेनात, पेन लिहीना, चिठ्ठी बसेना, बॅग दोरा सोडेना."

"स्वेटर उठला, तर येईन."

टिपी स्वेटरवरच बसली. टुप.

"स्वेटर, स्वेटर, ऊठ. चष्मा येईना, आजोबा धरेनात, पेन लिहीना, चिठ्ठी बसेना, बॅग दोरा सोडेना."

"मुक्तानं घेतलं, तर उठेन."

मुक्ता पलंगाखाली होती. एका पायात बूट, एक पाय तसाच. फुर्र फुर्र टुप.

"मुक्ता, मुक्ता, स्वेटर घे. स्वेटर उठेना, चष्मा येईना, आजोबा धरेनात, पेन लिहीना, चिठ्ठी बसेना, बॅग दोरा सोडेना."

मुक्ता म्हणाली, "मी येणारच नाही. विमान एवढं जड. ते वर कसं जाईल?"

टिपी फरशीवर उतरली. मग म्हणाली, "बघ."

ती फरशीवर पळाली. टुप टुप टुप. पंख पसरले. फुर्र. कपाटावर जाऊन बसली.

"हळू दाखव," मुक्ता म्हणाली.

टिपीनं पुन्हा दाखवलं. हळू. टुप. टुप. टुप. फुर्र.

"पंखाखाली काय असतं?"

"वारा असतो. मी त्याच्यावर टेकते."

मुक्ता पलंगाखालून बाहेर आली. तिनं हात पसरले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळाली. पुन्हा एकदा पळाली. मग तिनं स्वेटर घेतला.

स्वेटर उठला. चष्मा आला. आजोबांनी पेन धरलं. पेननं नाव लिहिलं. चिठ्ठी बॅगेवर बसली. आता नाव आहे, दोरा कशाला, असं आई म्हणाली. बॅगेनं दोरा सोडला.

टिपीनं तो चोचीत धरला. फुर्र.

खाली टॅक्सी आली. दार बंद झालं. घरात सामसूम झाली.

गॅलरीत टिपी शिवत बसली. टुक, एक टाका. टुक, दुसरा टाका. टुक, तिसरा. दोन कडा जुळल्या. सकाळी पानात एक अंडं होतं.

शेवटच्या टाक्याला टिपीनं गाठ मारली होती. आपणही गोष्टीला गाठ मारू.