कलम एकेचाळीस

अंतराळयानातली सगळी इलेक्ट्रॉनिक कार्डं ज्या पाटीवर बसवतात आणि जिच्यातून त्यांची माहिती वेगाने धावते, ती बॅकप्लेन. प्रत्येक विभागाची पाटी निराळी. सगळ्यांसाठी एकच मानक लिहायचं काम मृदुला पाठारेंवर आलं. तीन वर्षं त्या चाचणीच्या खोलीत एकट्याच बसल्या.

अखेर त्यांच्या चाळीस कलमांच्या मसुद्यावर बैठक भरली. विभागप्रमुख टिपणीस म्हणाले, "चाळीस कलमं कशाला? आमचीच पाटी मानक करा. हे बघा."

त्यांनी आपल्या पाटीत कार्ड बसवलं. पडदा कोराच राहिला. त्यांनी तंत्रज्ञ गांगुर्डेंना हाक मारली. गांगुर्डेंनी कार्डाचा डावा कोपरा अंगठ्याने जरासा दाबला, आणि आकडे धावू लागले.

"बघितलंत? एका सेकंदात," टिपणीस म्हणाले.

मृदुलाताईंनी मसुद्यात एक ओळ लिहून कागद पुढे सरकवला. "तुमचीच पाटी घेऊ, सर. फक्त एवढ्यावर सही करा."

टिपणीसांनी वाचलं: 'कलम एकेचाळीस. प्रत्येक यानासोबत श्री. गांगुर्डे यांना पाठवावे.'

त्यांनी ती ओळ खोडली आणि उरलेल्या चाळीस कलमांखाली सही केली.

सगळे जेवायला गेले. गांगुर्डे रेंगाळले. "मॅडम, तिथे वर यानात खरंच कोणी नसतं?"

"नसतं," आपला डबा उचलत त्या म्हणाल्या. "म्हणून तर सगळं आधीच लिहून ठेवावं लागतं."