गोमाजीनं झाकलेलं दुखणं

बांबूच्या बेटांना लागून असलेल्या एका गावात गोमाजी नावाचा बुरूड राहायचा. टोपल्या, सुपं, परड्या विणण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्याचा मुलगा हैबती चांगला तिशीचा झाला होता. पण हैबतीला सांध्यांचं जुनं दुखणं होतं, आणि ते मोठं लहरी. चार दिवस तो बापाच्या बरोबरीनं विणायचा. मग सांधे असे सुजायचे, की पाण्याचा तांब्याही उचलवत नसे. वैद्यांनी केव्हाच हात टेकले होते.

गोमाजी आता थकत चालला होता. माझ्यामागं या पोराला कोण खाऊ घालणार, या काळजीनं त्याला अन्न गोड लागेना.

त्या राज्यात दुखण्यामुळे कमावता न येणाऱ्याला राजाच्या कोठारातून जन्मभर शिधा मिळे. राजाचा कारभारी दुखणाईताला समोर बघून निवाडा देई. गोमाजी म्हणाला, "आपलं काम झालंच म्हणून समज!"

त्यानं आठवडाभर हैबतीला कामाला हात लावू दिला नाही. रोज अंगाला तेल चोळलं. जायच्या दिवशी त्याला नवा फेटा बांधला. तयारी शिध्याची होती की सोयरिकीची, देव जाणे! मोठ्यांच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये, अशी त्या गावची रीत. म्हणून हैबतीनं विणलेली एक सुबक परडीही त्यानं भेट म्हणून घेतली.

कारभाऱ्यानं परडी उलटसुलट करून पाहिली. "कुणी विणली?"

गोमाजीची छाती फुगली. "माझ्या हैबतीनं, सरकार!"

"आणि दुखणं कसं आहे त्याचं?"

कचेरीत चार ओळखीची माणसं बसली होती. गोमाजी हसून म्हणाला, "तसं फार नाही. देवाच्या दयेनं बरं चाललंय."

कारभाऱ्यानं परडी त्याच्या हातात परत दिली. "मग बरंच चालू दे. असे हात असणाऱ्याला शिधा दिला, तर खऱ्या गरजवंताच्या तोंडचा घास जाईल."

घरी येईपर्यंत गोमाजी कारभाऱ्याच्या नावानं खडे फोडत होता. शेवटी हैबती म्हणाला, "आबा, त्यांना कशाला बोल लावता? माझे बरे दिवस तुम्ही नटवून नेलेत. वाईट दिवस घरात झाकून ठेवलेत."

"चारचौघांत तुझी अब्रू जाऊ नये म्हणून रे!"

"दुखणं मी सोसतो. मला त्याची लाज वाटत नाही, मग तुम्हाला का वाटते?"

गोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढं सांधे पुन्हा सुजले, तेव्हा हैबतीच म्हणाला, "आबा, आज जाऊ." गोमाजीनं शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणली आणि त्याला घोंगडीत गुंडाळून नेलं. कचेरी माणसांनी भरली होती. गोमाजी सगळ्यांसमोर उभा राहिला.

"सरकार, मागं मी खरं बोललो नाही. याच्या अंगरख्याचे बंद मी बांधतो. घास मी भरवतो. कूससुद्धा मीच बदलून देतो. आणि आता मी म्हातारा झालोय."

कारभाऱ्यानं हैबतीची सुजलेली बोटं हलकेच हातात घेऊन पाहिली. "पण ज्या दिवशी तू बरा असतोस, त्या दिवसाचं काय?"

"त्या दिवशी मी विणतोच, सरकार," हैबती म्हणाला. "पण पोट रोज असतं. बरा दिवस रोज नसतो."

कारभाऱ्याला ते पटलं. बाप असो वा नसो, हैबतीला जन्मभर शिधा घरपोच मिळावा, असा हुकूम त्यानं तिथल्या तिथं दिला.

बापलेक निघाले, तोच बांधाच्या तंट्यासाठी आलेला केरबा तेली हात जोडून उठला. गावातला मोठा मानी माणूस.

"सरकार," तो म्हणाला, "मलाही एक लेक आहे. अंथरुणाला खिळलेली. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

तात्पर्य: अब्रूच्या भीतीनं झाकलेल्या दुखण्याला मदत मिळत नाही. हक्काचं मागताना बऱ्या दिवसांचा तोरा मिरवू नये, वाईट दिवस ताठ मानेनं सांगावेत. त्यानं दुसऱ्यालाही तोंड उघडायचं बळ येतं.