साच्याने निवडलेले यंत्र

अवजारे अजून आपसात बोलत होती, तेव्हाची गोष्ट. चांदीचे दागिने हौसेने घडवणाऱ्या कुमुदिनीबाईंकडे प्लास्टरचा एक साचा होता. त्याच्या पोटात शेवंतीच्या आकाराची पोकळी होती. चांदी एकदाच ओतायची, मग साचा फुटणार. म्हणून फूल अर्धवट राहू द्यायचे नाही, हा त्याचा निर्धार होता.

साच्यात चांदी भरायला बाईंकडे दोन यंत्रे होती, फिरणारी चरकी आणि हवेचा पंप. "तुमची चूक कुठे होते?" त्याने दोन्ही यंत्रांना विचारले.

"चूक आणि माझी? अरे मातीच्या गोळ्या, मी गरगर फिरून चांदी पाकळीपाकळीत फेकते!" चरकी म्हणाली.

साच्यातली हवा ओढून चांदी आत खेचणारा पंप म्हणाला, "तू ज्यावर बसतोस त्या माझ्या रबरी बैठकीला फट असली, तर हवा नीट ओढली जात नाही आणि चांदी वरच अडते, बाबा. आधी तपासून घे."

"मग तूच," साचा पंपाला म्हणाला.

बाईंनी पंपाची बैठक तपासली, तर फट खरेच निघाली. त्यांनी रबर बदलून चांदी ओतली, मग फूल काढायला गरम साचा पाण्यात बुडवला. पाण्यात फुटता फुटता साच्याने पाहिले, एकही पाकळी अपुरी नव्हती.