धनगुरूंच्या गालिच्याचा केर

“...मग एकदाच सांगून टाका चाचा, चहा सोडला की माणूस श्रीमंत होतो का नाही?”

बाबालालचाचा चहा पीत होते.

बशीत ओतून, फुर्र असा आवाज काढत. मुद्दाम. त्यांची खोड मला ठाऊक आहे.

विचारणारा म्हणजे राजवर्धन मगदूम. वय पस्तीस, बूट चकचकीत, आणि नावाआधी स्वतःच चिकटवलेलं ‘धनगुरू’. आमच्या चांदीच्या गावात भर पेठेत त्यानं वरच्या मजल्यावर हॉल घेतलेला. दर रविवारी शिबिर: ‘श्रीमंतीच्या सात पायऱ्या’. हॉलपर्यंत चढायला पायऱ्या बावीस होत्या, पण ते असो.

आत लाल गालिचा. चपला जिन्यात काढायच्या. दोनशे कारागीर मांड्या घालून बसायचे आणि आपण गरीब का, ते फी भरून ऐकून घ्यायचे.

चाचा झारेकरी. म्हणजे चांदीच्या कारखान्यांतला केर विकत घ्यायचा, ओढ्यावर धुवायचा आणि त्यात सांडलेली चांदी वेगळी काढायची. चाळीस वर्षं हेच. राहायला पिराच्या तकियातली, म्हणजे फकिरांच्या ओवरीतली, एक खोली. जवळ काही नव्हतं म्हणून लोक त्यांना फकीर म्हणायचे, आणि कमी बोलायचे म्हणून शहाणे. मी जास्त बोलतो. मला कुणी काहीच म्हणत नाही.

“रोजचे दोन चहा,” मगदूम बोटं मोजायला लागला. “वीस रुपये. ते गुंतवा. व्याजावर व्याज, त्यावर पुन्हा व्याज! तीस वर्षांनी किती? वीस लाख!”

“तीस वर्षांनी मी एकशेदोन वर्षांचा असंन,” चाचा म्हणाले. “तवा पिऊ का चहा?”

मला हसू फुटलं. मगदूमनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या वीस लाखांतले दोन उचललेत.

तो चाचांच्या दारात आला होता एका कामासाठी. काठीला मोबाईल लावून. चाचांनी त्यात तोंड घालून फक्त एवढंच बोलायचं होतं, ‘मगदूमसाहेबांच्या शिबिराला या.’ चाचांचा शब्द गावात कुणी मोडत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. गडी येडा नव्हता हो!

आणि नमुना म्हणून बरोबर आणली होती रत्नाक्का.

रत्नाक्का पैंजणांना घुंगरं जोडते. बावीस वर्षं. आमच्या गावच्या पैंजणांचं घुंगरू तुटून पडलं, तर समजावं ते रत्नाक्कानं जोडलेलं नव्हतं. आज तिच्या काखेत तरटाचं गाठोडं होतं.

“रत्ने, काय बांधून आणलंस?” चाचांनी विचारलं.

“भाता हाय चाचा. चिमटे, कानशी, सगळंच. इकायला निघालीया. बारा वाजता चौकात गिऱ्हाईक येणार हाय.”

“आणि मग?”

“मग सायबांचं दुसरं शिबिर. अकरा हजार फी हाय.”

“आणि मग?”

“मग मी काम करायचं न्हाई. पैसा काम करणार.”

“कुठला पैसा?”

...

रत्नाक्कानं मगदूमकडं बघितलं. मगदूमनं मोबाईलकडं बघितलं.

“ते तिसऱ्या शिबिरात शिकवतो,” तो म्हणाला.

देवाशपथ सांगतो, मी तोंडात पटका कोंबला.

“पहिल्या शिबिराचं काय झालं, आक्का?” मी विचारलं. मला कोण गप्प बसवणार?

“चहा सोडला. जत्रंतला पाळणा सोडला. नातीला फुगा घ्यायचा सोडला. वर्सात सात हजार जमलं की!”

“मग?”

“मग दाढ दुखली.”

“किती गेले?”

“सात हजार.”

“शिस्त नाही!” मगदूम ओरडला. “पाचवी पायरी! शिस्त!”

“मला हाय सायब. दाढेला न्हाई.”

चाचांनी बशी पालथी घातली.

“मगदूम,” ते म्हणाले, “तुझ्या हॉलातला केर घेऊन ये.”

“काय?”

“केर. माणसाच्या तोंडावरनं त्याची श्रीमंती कळत न्हाई. मी चाळीस वर्सं केरावरनं वळखतोय. तुझ्या केरात चांदीचा कण जरी निघाला, तर तू म्हणशील ते त्या डबड्यात बोलंन.”

“आणि नाही निघाला तर?”

“तर रत्नीचं गाठोडं तिच्या घरापतोर तू उचलायचं.”

“अहो चाचा, माझ्याकडं चांदीचं काम होत नाही. माझं काम डोक्याचं आहे.”

“बघू तरी डोक्यातनं काय सांडतंय.”

मला राहवेना. मी मगदूमच्या पाठीवर थाप मारली. “जा रे जा! भितोस काय? हरलास तर भाता उचल, व्यायाम होईल!”

पोरगं पेटलं. गाडी काढली, धुरळा उडवला आणि पंधरा मिनिटांत परत. हातात केर ओढणाऱ्या मशीनची पिशवी. फुगलेली, करडी. वर्षभरात उघडलेलीच नव्हती म्हणे.

“हे काय?” चाचांनी ती दाबून बघितली. “वासराचं पोट?”

“परदेशी मशीन आहे चाचा. गालिच्याच्या मुळातली धूळ ओढतं.”

“मग चांगलंच जेवलंय.”

आम्ही चौघं ओढ्यावर गेलो. रत्नाक्का सारखी चौकाकडं बघत होती. अकरा वाजून गेले होते.

चाचांनी पिशवी घमेल्यात रिकामी केली. केस, दोरे, शेंगांची टरफलं, कुणाच्या तरी शर्टाचं बटण. ते सगळं निवडून टाकलं. मग पाणी घेतलं, घमेलं तिरकं धरलं आणि गोल गोल फिरवायला लागले. हलकं ते पाण्याबरोबर वाहून जातं, जड असतं ते तळाला बसतं. बघायला सोपं आहे. मी एकदा केलं होतं, घमेल्यासकट ओढ्यात बसलो होतो.

“बचत खोटी आहे का मग?” मगदूमनं विचारलं. आवाज जरा उतरला होता.

“खोटी कशी? सांडलेलं गोळा करूनच मी जगलोय.”

“मग तुम्ही श्रीमंत का नाही झालात?”

“सांडणारे हात दुसऱ्याचे हुते. माझ्या वाट्याला नुसतं सांडलेलं.”

घमेलं फिरत राहिलं. पाणी काळं, मग करडं, मग गढूळ, मग स्वच्छ.

मी माझ्या मनात मगदूमच्या डोक्यावर भाता ठेवलासुद्धा! गावातनं त्याची वरात कुठल्या गल्लीनं काढायची, तेही ठरवलं. पेठेतनंच. हॉलच्या खालनं.

आणि तेवढ्यात...

तळाला काहीतरी लुकलुकलं.

चाचांनी घमेलं उन्हाकडं वळवलं. पुन्हा लुकलुकलं. गव्हाच्या दाण्याएवढी, पांढरी, ओली भुकटी.

चांदी!

“निघाली!” मगदूमनं उडीच मारली. बुटांसकट ओढ्यात! “निघाली! बघितलंत? अरे, मी सांगत होतो! श्रीमंती अंगात असावी लागते, ती केरातसुद्धा उतरते!”

चाळीस वर्षांत चाचा पैज हरलेले मी बघितले नव्हते.

“चाचा, हे कसं झालं?” मी विचारलं.

चाचा घमेलं धरून बसले होते. चेहऱ्यावर हरल्याची एक रेघ नव्हती.

“रत्ने, तू बघ,” ते म्हणाले. “तुला जास्त कळतं.”

रत्नाक्का वाकली. बोटाच्या टोकावर भुकटी घेतली, अंगठ्यानं चोळली, डोळ्यांजवळ नेली.

“ही कानशीची हाय,” ती हळूच म्हणाली. “घुंगरू घासताना पडती ती.”

“सायबांच्या हॉलात कोण घासतं घुंगरं?” चाचांनी विचारलं.

“कोण न्हाई.”

“मग आली कुठनं?”

...

ती उभी राहिली. ओढ्याच्या दगडावर एक पाय टेकवून तिनं टाच वळवली. भेगांनी भरलेली टाच. उन्हात त्या भेगांतनं बारीक बारीक चमकत होतं.

मग तिनं बोटावरची भुकटी पदराच्या टोकाला पुसली, टोकाला गाठ मारली, आणि गाठोडं काखेत मारलं.

“आक्का, चौक इकडं आहे!” मगदूम ओढ्यातनं ओरडला. “गिऱ्हाईक थांबलंय!”

“थांबू दे.”

“आणि फी?”

“फी भरली की सायब. वर्सभर दर ऐतवारी भरत हुते. मलाच ठावं नव्हतं.”

आणि ती घराच्या वाटेला लागली. पाठीमागं न बघता, झपाझप. अर्धवट टाकून आलेले वीस जोड संध्याकाळपर्यंत द्यायचे होते तिला.

मगदूमला तिच्या जाण्याचं फारसं वाटलं नाही. एक गेली, दोनशे येणार होते! ओल्या बुटांनी पचक पचक करत तो वर आला, मोबाईलची काठी ताणली आणि चाचांच्या नाकासमोर धरली.

“बोला चाचा! पैज मी जिंकलोय. फकिराचा शब्द आहे. गावाला सांगा, मगदूमच्या शिबिराला या म्हणून!”

मी म्हटलं, आता चाचा सटकणार. पण नाही. त्यांनी दाढीवरनं ओला हात फिरवला, टोपी नीट केली, अगदी फोटोला बसल्यागत. मोबाईलवरचा लाल ठिपका लागला.

“मंडळी,” चाचा म्हणाले, “मगदूमच्या शिबिराला या. सगळे या, बायकापोरं घेऊन या...”

मगदूमचे दात सगळेच्या सगळे दिसायला लागले.

“...फक्त आत शिरायच्या आधी, जिन्यात, पाय तेवढे झटकून या.”