आरशाच्या पेटीतली डाळ

“हौसाची आरशाची पेटी उद्या अंगणातून जाणार म्हणे, कारण तिच्या सासूनं...” एवढंच कानावर पडलं आणि बोलणाऱ्या बायका घागरी उचलून नळावरून चालत्या झाल्या. चंद्रभागाबाईंचा जीव तिथेच अडकला. शेजारची बातमी अर्धी राहिली की त्यांना घास गोड लागत नसे.

एका लहानशा गावातली, घरोघरी चुली पेटायच्या त्या दिवसांतली ही गोष्ट. धुरानं हौसाचे डोळे अधू होत चालले होते. म्हणून भावानं तिला सूर्यचूल आणून दिली. पत्र्याची पेटी, आत काळे डबे, त्यावर काच आणि उभ्या झाकणाला आतून आरसा. आरसा उन्हाकडे वळवला की लख्ख कवडसा डब्यांवर पडे. सगळ्या आळीला त्याचं केवढं अप्रूप!

चंद्रभागाबाई तडक हौसाच्या अंगणात आल्या. सवयीनं काच उचलली, डब्यात डोकावल्या. गरम वाफ भसकन तोंडावर आली.

ओसरीवरून सासू, बायजाकाकू, म्हणाल्या, “तीन दिवस डाळ खडखडीत. आजही शिजली नाही, तर पेटीत कोंबडी बसवते आणि हिला चुलीपुढे!”

हौसा पदरानं डोळे टिपत राहिली.

दुपारी डाळ निघाली, ती कच्चीच. बायजाकाकू पेटी उचलायला वाकल्या. चंद्रभागाबाईंच्या गालांवर सकाळची वाफ पुन्हा चटकली. चुलीवरच्या डाळीत सारखं डोकावावं, तसंच त्या इथेही करत होत्या. दर वेळी पेटीतली ऊब निघून जात होती. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. वडीलधाऱ्या शेजारणीचं नाव हौसानं घेतलंच नसतं.

“काकू, थांबा. पोरीचा दोष नाही. काच मी उघडते. दिवसातनं चार वेळा.”

“चार वेळा? अगं, मग तू डाळ बघतेस की निववतेस?”

“एक दिवस द्या मला.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजल्यापासून चंद्रभागाबाई पेटीपाशी राखणीला बसल्या. हात पदराखाली घट्ट धरले. डोकावायला आलेल्या बायांना त्यांनीच परतवलं. एक वाजता हौसानं डबा उघडला. डाळ लोण्यासारखी मऊ, हळदीनं पिवळीधम्मक. धुराचा लवलेश नाही. आज आळीत गॅस आहे, पण त्या डाळीचा वास चंद्रभागाबाईंना अजून आठवतो.

नळावरची बातमी मात्र अर्धी खरी ठरली. पेटी अंगणातून गेली. बायजाकाकूंनी ती माळवदावर नेऊन ठेवली.

“ऊन वर जास्त आहे,” त्या म्हणाल्या, “आणि चंद्रे, शिडी चढायला तुझे गुडघे काही धजायचे नाहीत!”

तात्पर्य: आपल्या हातून बिघडलेलं वेळेत कबूल केलं, तर दुसऱ्याचं मोडणारं सावरता येतं, आणि उत्सुकता कितीही असली, तरी होत आलेल्या कामात सारखा हात घालू नये.