नळी नसलेली घरटी

पाखरांचीही पंचायत भरायची त्या काळी एका विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती. प्रत्येक घरट्याला खाली लांब नळी असायची, म्हणून सापाला आत शिरता येत नसे.

एकदा ससाणा आला. म्हणाला, "सापाचा बंदोबस्त मी करतो. तेवढ्या नळ्या काढा. आतलं दिसलंच नाही, तर राखण कशाची करू?"

म्हातारी चिमी म्हणाली, "बायांनो, ज्याची नजर आत पोचते, त्याची चोचही पोचते."

"आजी, लढाईच्या तोंडावर शंका काढू नका," तरण्या सुगरणी म्हणाल्या. नळ्या निघाल्या.

ससाण्याने साप मारला खरा. पण मग भूक लागेल तेव्हा तो एखादं पिल्लू उचलू लागला.

पुढे तो म्हातारा होऊन मेला. बाभळीवर जल्लोष झाला. अजून तग धरून असलेली चिमी गवताचं पातं घेऊन आली. "चला, नळी विणायला शिकवते."

नव्या पिढीने नळी पाहिलीच नव्हती. "किती दिवस लागतील?"

"एक पावसाळा."

"आणि तोवर साप आला तर?"

चिमीने पहिली गाठ मारेपर्यंत दोघीजणी पलीकडच्या डोंगरावर उडाल्याही होत्या, दुसऱ्या ससाण्याला बोलवायला.