समुद्राकडे पाठ

एका राज्यात विहिरींचे पाणी खारे झाले होते आणि समुद्रकाठी तीनशे चाळीस जनावरे दगड होऊन बसली होती. विहिरींची चिंता सगळ्यांना होती. दगडांची कोणालाच नव्हती.

दगडांत कुत्री होती, मांजरे होती, एक शेळी होती, दोन मोर होते, आणि सगळ्यांच्या पुढे, पायांवर लाटा घेत, एक हंसीण होती. त्या राज्याची रीतच तशी होती. कोणी सागरापार निघाला, की घरचे लोक त्याच्या लाडक्या जनावराला खसखशीचे दूध पाजत. जनावर झोपे. प्रवासी पाय न वाजवता उंबरा ओलांडे. मग जनावर जागे होई, घर हुंगे, अंगण हुंगे, वास काढत किनाऱ्यावर येई आणि समुद्राकडे बघत बसे. सातव्या संध्याकाळी त्याचा दगड होई. लोक त्याला हार घालत आणि म्हणत, "किती इमानी जीव!"

गेलेली जहाजेही परत येत नसत. त्यांची शिडे दूर क्षितिजावर दिसत, दहा दहा, वीस वीस वर्षे दिसत. जवळ मात्र येत नसत. जहाजांवरची माणसे मासे खात, पावसाचे पाणी पीत आणि किनाऱ्याकडे बघत म्हातारी होत. वडीलधारी मंडळी म्हणत, "ज्याचे त्याचे नशीब."

राजा हेमकेतूला एकच कन्या होती, शाल्मली. वय एकोणीस, जीभ तिखट. तिच्यापाशी एक मुंगशी होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली.

खारे पाणी गोड करण्याची विद्या फक्त मणिद्वीपावर शिकवत. सात जण ती शिकायला गेले होते. सातांची शिडे क्षितिजावर होती. तेव्हा शाल्मली दरबारात उभी राहिली आणि म्हणाली, "आठवी मी जाते."

राजाने पंचांग मागवून पाहिले. मग म्हणाला, "तीन वर्षांची विद्या आहे. पौर्णिमेला सकाळी जहाज सुटेल."

"आणि टिकली?"

"ती तिथे चालणार नाही, बाळ. मणिद्वीपावरचे गुरू नाग आहेत."

हे खरे होते. नाग उत्तम शिकवत, पण मुंगूस आले की शिकवणे सोडून बिळात जात.

राजगुरू हसले. "एका मुंगशीसाठी एवढा विचार? खसखशीचे दूध आहे. तेही नको असेल, तर भांडारात ही आहे." त्यांनी सोन्याची साखळी पुढे धरली. ती पहिल्या राजाच्या शापित खजिन्यातली होती. गळ्यात घातली, की धनी परत येईपर्यंत जनावर झोपून राही. आजवर ती कोणी काढायला परत आला नव्हता.

"मधली तीन वर्षे तिच्या वाटची कोणी जगायची?" शाल्मलीने विचारले. "तुम्ही?"

"राजकन्ये, वडीलधाऱ्यांपुढे आवाज..."

"आवाज खालीच आहे, राजगुरू. प्रश्न जड आहे."

असे म्हणून ती टिकलीला खांद्यावर घेऊन तडक किनाऱ्यावर गेली.

हंसिणीच्या दगडी डोक्यावर एक म्हातारा पाणकावळा पंख वाळवत बसला होता. त्या राज्यात पाणकावळे बोलत, पण त्यांना आधी विचारावे लागे. आणि मोठ्या माणसांना विचारायची सवय नव्हती.

"बाबा," शाल्मली म्हणाली, "हे दगड का होतात?"

"शंभर वर्षांनी कोणीतरी विचारले," पाणकावळा म्हणाला. "ऐक. तुमचा पहिला राजा सागरापार निघाला, तेव्हा या हंसिणीला म्हणाला, 'बस इथे, आत्ता येतो.' आणि गेला बारा वर्षांसाठी. ही बसली. दगड होताना हिने शाप दिला: ज्या जिवाला फसवून निघाल, त्याची नजर जिथवर जाईल तिथवर तुमचा समुद्र वाढत राहील. दगडाची नजर हटत नाही, पोरी. म्हणून किनारा येत नाही."

"उपाय?"

"एका जनावराने सातव्या संध्याकाळी आपणहून समुद्राकडे पाठ फिरवून घरी जायला हवे. मग सगळे सुटतील. त्यासाठी तीन कामे. पहिले, तुझी मुंगशी दुसऱ्याच्या हातून खायला शिकली पाहिजे, आणि ते तुला बघवले पाहिजे. दुसरे, प्रवासाची पेटी तिच्या डोळ्यांदेखत भर. तिसरे, ती जागी असताना तिला खरे सांगून नीघ."

"तिला शब्द कुठे कळतात?"

"शब्द कळत नाहीत. खोटे कळते."

पौर्णिमेला एकवीस दिवस होते.

पहिल्या कामाला शाल्मलीने आपल्या आत्याला गाठले. मंदाकिनी आत्यासाहेबांचे यजमान बावीस वर्षांपूर्वी जहाजाने गेले होते; त्यांचा कुत्रा भुंग्या किनाऱ्यावर दगड होऊन बसला होता. आत्यासाहेब कडक होत्या, सोवळे पाळत आणि पहाटे उठत.

"या उंदराला मी भरवू?"

"उंदीर नाही, आत्यासाहेब. मुंगूस."

"शेपटीवाले सगळे सारखेच. दूध द्यायचे सोडून ही काय थेरं?"

तरी त्यांनी तळहातावर अंडे धरले. टिकलीने अंडे सोडून बोट धरले. दुसऱ्या दिवशीही तसेच. पाच दिवस टिकली उपाशी राहिली, आणि शाल्मली दाराआड नखे खात उभी राहिली. सहाव्या दिवशी टिकलीने आत्यासाहेबांच्या हातातून अंडे घेतले, मुंगसे करतात तसे मागच्या पायांमधून भिरकावले आणि आत्यासाहेबांच्या जरीच्या शालूवर फोडून खाल्ले.

"अगं माझे आई!" आत्यासाहेब ओरडल्या. आणि बावीस वर्षांत प्रथमच हसल्या.

दहाव्या दिवशी टिकली त्यांच्या मांडीवर झोपली. शाल्मलीने ते पाहिले. तिने मागितले होते तेच झाले होते. तरी ती आत गेली आणि बराच वेळ उशीत तोंड घालून पडली.

दुसऱ्या कामाला तिने पेटी भर अंगणात आणून ठेवली. पेटी मंतरलेली होती. धन्याला मनातून नको असलेली वस्तू ती थुंकून टाकी. राजगुरूंनी दिलेली पोथी पेटीने तीनदा थुंकली. शाल्मली लुगडी घाली, टिकली ती ओढून बाहेर काढी. शाल्मली पुन्हा घाली. शेवटी टिकली स्वतःच पेटीत शिरून बसली. पेटीने तिला थुंकले नाही. शाल्मलीला तिला आपल्या हातांनी बाहेर काढावे लागले. रोज काढावे लागले, दिवसातून दहादा.

आत्यासाहेब ओसरीवरून बघत होत्या.

"आमच्या घरी पेटी दिसलीच नाही," त्या एकदम म्हणाल्या. "मी उठले, तर शेजारचे अंथरूण थंड होते."

"तुम्हाला जाग नाही आली?"

"दूध दोन वाट्या केले होते. एक भुंग्याला, एक मला."

शाल्मलीच्या हातातली घडी सुटली. "आणि तरी तुम्ही टिकलीला दूध द्या म्हणालात?"

"रीत होती, बाई." आत्यासाहेबांनी पदर सारखा केला. "मी दगड झाले नाही, एवढंच."

  शाल्मली उठली आणि आत्यासाहेबांच्या शेजारी जाऊन बसली.

पौर्णिमेच्या सकाळी सारे नगर धक्क्यावर जमले. राजा होता, राजगुरू होते, त्यांच्या हातात साखळी होती. शाल्मली फळ्यांवर गुडघे टेकून बसली. टिकली समोर उभी होती, जागी, नाक हलवत.

"टिकले," शाल्मली म्हणाली, "मी जाते आहे."

राजगुरूंनी कानांवर हात ठेवले. निघताना 'जाते' म्हणत नाहीत. टिकली मात्र स्थिर उभी होती. तिचे काळेभोर डोळे शाल्मलीच्या तोंडाकडे लागले होते. त्या डोळ्यांत पाहताना पहिल्या राजाचेच बोल शाल्मलीच्या तोंडून निसटले: "अशी बघू नकोस गं. लगेच येते मी."

टिकलीच्या शेपटीचे टोक करडे झाले. ते फळीवर आपटले आणि दगडासारखे वाजले: टक.

"पाहिलेत!" राजगुरू म्हणाले. "जागे ठेवण्याचे हे फळ. घाला साखळी."

दगड शेपटीवरून वर सरकत होता.  शाल्मली साखळीकडे बघत राहिली.

"शाल्मली!" आत्यासाहेबांचा आवाज आला. "खोटं बोललीस. खरं सांग तिला. थंड अंथरुणापेक्षा खरं परवडतं."

शाल्मलीने टिकलीचे तोंड दोन्ही हातांत धरले.

"लगेच नाही," ती म्हणाली. "तीन पावसाळे. तू दारात बसशील आणि मी येणार नाही. उद्या नाही, परवा नाही, पुढच्या दसऱ्यालाही नाही. अंडे आत्यासाहेब देतील. विहिरी खाऱ्या आहेत म्हणून जाते, हे अर्धे झाले. उरलेले अर्धे असे, की मला ती विद्या हवी आहे. तू हवी आहेस, तरी हवी आहे. माझ्यावर रागाव. चालेल."

दगड थांबला. चढलेला मागे फिरला, आणि शेपटीच्या टोकापाशी, बोटाच्या पेराएवढा, तसाच राहिला.

शाल्मली उठली, जहाजात चढली. टिकलीने ते पाहिले. शीड उघडले. तेही तिने पाहिले.

मग टिकली रोज किनाऱ्यावर येऊन भुंग्याशेजारी बसू लागली. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. सातव्या संध्याकाळी सारे नगर पुन्हा जमले. राजगुरूंनी हार आणला होता. आत्यासाहेबांनी अंडे आणले होते. त्यांनी हाक मारली नाही. नुसता हात पुढे धरून वाळूत बसल्या. हात दुखू लागला, तरी खाली घेतला नाही.

सूर्य पाण्याला टेकला. टिकली उठली. तिने समुद्राकडे एकदा नीट पाहिले, नाक उंच करून वारा हुंगला. मग तिने समुद्राकडे पाठ फिरवली. शेपटीचे टोक शिंपल्यांवर आपटत, टक, टक करत ती आत्यासाहेबांकडे आली, तळहातावरचे अंडे घेतले आणि मागच्या पायांमधून जे भिरकावले, ते थेट भुंग्याच्या दगडी नाकावर फुटले.

बलक ओघळला. दगडी जीभ बाहेर आली आणि नाक चाटू लागली.

मग शेळीने अंग झाडले. मोरांनी पिसारे झटकले. तीनशे चाळीस जनावरांनी वाळू उडवली आणि जो तो आपापल्या घराच्या वाटेला लागला. शेवटी हंसीण उडाली. तिने मागे पाहिले नाही. क्षितिजावरची शिडे मोठी होऊ लागली.

तिसऱ्या दिवशी आत्यासाहेबांचे यजमान पांढऱ्या दाढीने धक्क्यावर उतरले. "मंदाकिनी," ते म्हणाले.

"हातपाय धुऊन घ्या," आत्यासाहेब म्हणाल्या. "पाणी खारट आहे, तीन वर्षे सोसा. आणि पुन्हा न सांगता उंबरा ओलांडलात, तर दूध मी पाजीन."

परतलेल्या सातांपैकी एकही जण मणिद्वीपापर्यंत पोचला नव्हता. निघताक्षणी समुद्र वाढला होता, पुढेही आणि मागेही. तेव्हा विद्या आता एकट्या शाल्मलीच्याच हाती होती. राजाने साखळी वितळवून तिची घंटा केली आणि धक्क्यावर टांगली. तेव्हापासून जो जातो, तो घंटा वाजवून, सगळ्यांना जागे करून जातो. पहिला टोल राजगुरूंना द्यायला लावला.

तीन पावसाळे झाले. एका दुपारी आठवे जहाज सरळ किनाऱ्याला लागले. शाल्मली नागांची विद्या घेऊन परतली होती. तिला धक्क्यावरची गर्दी दिसण्याआधी आवाज आला: टक, टक, टक.

टिकली आत्यासाहेबांच्या पायाशी आली होती. लठ्ठ झाली होती. शाल्मलीने हात पुढे केला, तशी ती मुद्दाम वळली आणि पाठ करून बसली.

"बरोबर आहे," शाल्मली म्हणाली. "मीच सांगितले होते, रागाव म्हणून."

ती धक्क्याच्या फळ्यांवरच बसून राहिली. राजा थांबला, वाजंत्री थांबली, विहिरी थांबल्या. मग तिने पेटी उघडून बाजूला ठेवली आणि दुसरीकडे बघू लागली.

टक, टक. टिकली आली, पेटीची कड हुंगली, आत शिरली, आणि तीन वर्षांच्या लुगड्यांवर गोल वळून झोपी गेली.

त्या दिवशी संध्याकाळी पहिली विहीर गोड झाली. पेटी मात्र कोणी हलवली नाही.